उसन्या पानगळीचं काय करायचं?

प्रिय ताई,

मी मूळची कराडची. लग्नानंतर न्यू जर्सीत आले, आता वेस्ट विंडसरला असतो. ऑक्टोबर लागला की मला काहीतरी होतं. पानं लाल झाली, लोकांच्या अंगणात सांगाडे उभे राहिले, टीव्हीवर जुने भुताचे सिनेमे सुरू झाले की मी नुसती हरखून जाते. ऑफिसातल्या बायका लहानपणच्या आठवणी काढतात, कुठला सिनेमा कुणाच्या तळघरात गोधडीत गुरफटून पाहिला वगैरे, आणि मी त्या ऐकताना हळवी होते, जशा काही माझ्याच. नवरा चिडवतो, ‘तू कराडची, तुला कुठून आल्या हॅलोविनच्या आठवणी?’ गमतीत म्हणतो, पण लागतं. मुलगी नऊ वर्षांची आहे. तिला भुताचं सगळं हवं असतं आणि रात्री आमच्यात येऊन झोपते. त्यात यंदा सासूबाई दिवाळीसाठी ऑक्टोबरातच कोल्हापूरहून येतायत. दाराशी सांगाडा बघून त्या काय म्हणतील ते मला आत्ताच ऐकू येतंय. मी हे सगळं उसनं आणून मिरवतेय का? आणि करायचंच झालं तर कसं करू?

– पानगळवेडी, वेस्ट विंडसर

*

पानगळवेडी,

आधी नवऱ्याचा प्रश्न निकालात काढू, म्हणजे बाकीचं मोकळेपणाने बोलता येईल.

अमेरिकेतली ऑक्टोबरची गल्ली म्हटलं की जे चित्र उभं राहतं, दुतर्फा लाकडी घरं, फुटपाथवर वाळक्या पानांचा सडा, ते बऱ्याच लोकांच्या डोक्यात जॉन कार्पेंटरच्या 1978 सालच्या ‘हॅलोविन’ सिनेमाने बसवलंय. गोष्ट घडते इलिनॉयमधल्या हॅडनफील्ड नावाच्या काल्पनिक गावात. चित्रीकरण मात्र झालं कॅलिफोर्नियात, लॉस एंजलिसच्या आसपास, तेही वसंत ऋतूत. तिथे कुठली आलीय पानगळ! पैसे बेताचेच, सगळा सिनेमा सुमारे तीन लाख डॉलरमध्ये उरकायचा होता. मग पानं रंगवून घेतली, शॉटपुरती रस्त्यावर पसरली, शॉट झाला की गोळा केली आणि पुढच्या गल्लीत पुन्हा पसरली. नीट पाहिलंत तर एखाद्या दृश्यात मागे पामची झाडंही डोलताना दिसतात. खुन्याचा तो पांढराफटक मुखवटा म्हणजे दुकानात मिळणारा ‘स्टार ट्रेक’मधल्या कॅप्टन कर्कचा मुखवटा, वरून रंग मारलेला. आणि हॅडनफील्ड हे नाव आलं तुमच्याच न्यू जर्सीतून. सहलेखिका डेब्रा हिल मूळची त्या नावाच्या गावची होती, म्हणून.

म्हणजे ज्या पानगळीच्या आठवणीने अर्धी अमेरिका गहिवरते ती वसंतात रंगवलेली. तुमची निदान अंगणात पडलेली खरी पानं आहेत, आणि ती गोळा करून पिशव्या तुम्हालाच भराव्या लागतात.

आता ऑफिसातल्या बायका. तुमच्याच वयाच्या असतील तर त्यांच्या बोलण्यात ‘होकस पोकस’ येत असणार. हा सिनेमा 1993 च्या जुलैत आला, हो, भर उन्हाळ्यात, आणि फारसा चालला नाही. पुढे डिस्नेच्या वाहिनीवर आणि इतर केबल वाहिन्यांवर दर ऑक्टोबरला त्याची पारायणं झाली आणि त्यातून त्याचा जन्माचा जिव्हाळा तयार झाला. म्हणजे त्या बायकांच्या लहानपणीची ती परंपरा एका पडलेल्या सिनेमाच्या पुनःप्रक्षेपणावर उभी आहे. त्यात कमीपणा काही नाही. आपल्या पिढीच्या निम्म्या आठवणी टीव्हीने कितव्यांदा काय दाखवलं त्यावरच तर बेतलेल्या आहेत.

त्याच 1993 साली आपल्याकडे काय आलं होतं? ‘झपाटलेला’. तात्या विंचूला घाबरून ज्याने घरातली बाहुली कपाटात कोंडली नाही असा मराठी मुलगा त्या काळात विरळाच, तेव्हा तुमच्या नवऱ्यालाही एकदा विचारून बघाच. आणि तात्या विंचूचं मूळ कुठलं? मरणाऱ्या गुंडाचा आत्मा बाहुल्यात शिरतो ही कल्पना 1988 च्या अमेरिकन ‘चाइल्ड्स प्ले’मधली. महेश कोठारेंनी ती आणली, रामदास पाध्यांनी बाहुला हलवला, दिलीप प्रभावळकरांनी आवाज दिला, आणि ती अस्सल मराठी झाली. तुम्ही अमेरिकेत पोचायच्या कितीतरी आधी अमेरिकेतलं भूत महाराष्ट्रात येऊन गेलं होतं. तेव्हा तुम्हाला कुठून आल्या हॅलोविनच्या आठवणी, याचं उत्तर गावातल्या थिएटरमधून, असं द्यायला हरकत नाही.

इथल्या सणाचंही तसंच. आयर्लंड-स्कॉटलंडमध्ये 31 ऑक्टोबरच्या या रात्रीसाठी सलगम कोरायचे. 1840 च्या दशकातल्या बटाट्याच्या दुष्काळानंतर आयरिश माणसं लोंढ्याने अमेरिकेत आली, त्यांना इथे ऐसपैस, कोरायला सोपा भोपळा सापडला आणि सलगम मागे पडला. दारोदार फिरून गोळ्या-चॉकलेटं मागणं तर देशभर रुळलं 1930 नंतर, मधे महायुद्धात साखरेचं रेशनिंग आलं तेव्हा थंडावलं, आणि युद्धानंतर पुन्हा जोरात सुरू झालं. परक्या मुलखात मिळेल त्या वस्तूवर सण भागवणाऱ्यांच्या रांगेत तुम्ही आहात. ज्यांनी हा सण इथे आणला तेही त्याच रांगेतले.

पण मला तुमच्या पत्राची सगळ्यात गंमत वाटली ती पत्त्यामुळे. वेस्ट विंडसर! अहो, तुमच्याच टाऊनशिपमध्ये ग्रोव्हर्स मिल आहे. तळ्याकाठच्या त्या व्हॅन नेस्ट पार्कमध्ये मुलीला घसरगुंडीवर नेलं असेल तर तिथला ब्राँझचा स्मारकफलक तुम्ही बघितलाही असेल. त्यावर मंगळावरचं तिपाई यंत्र आहे, मायक्रोफोनपुढे एक तरुण आहे आणि रेडिओभोवती बसलेलं एक कुटुंब आहे.

तो तरुण ऑर्सन वेल्स, तेव्हा 23 वर्षांचा. 30 ऑक्टोबर 1938, रविवार, रात्रीचे आठ. सीबीएस रेडिओवर त्याच्या कंपनीने एच. जी. वेल्स यांच्या ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ या 1898 सालच्या मंगळस्वारीच्या कादंबरीचं नाट्यरूपांतर सादर केलं. कादंबरीत मंगळावरची मंडळी उतरतात इंग्लंडमध्ये, सरे परगण्यात. रेडिओसाठी लिहिणाऱ्या हॉवर्ड कॉकला जवळचं अमेरिकन गाव हवं होतं. डोळे मिटून न्यू जर्सीच्या नकाशावर पेन्सिल टेकवली आणि ती ग्रोव्हर्स मिलवर पडली, अशी हकीकत सांगतात. कार्यक्रमाची रचना बातम्यांसारखी होती. नाचगाण्याचं संगीत चालू आहे, मधेच ते तोडून निवेदक सांगतो की शेतात काहीतरी पडलंय, पुन्हा संगीत, पुन्हा बातमी. सुरुवात ज्यांनी ऐकली नव्हती त्यातले काही खरोखर घाबरले. गावातल्या पाण्याच्या टाकीलाच यंत्र समजून कुणीतरी गोळ्या झाडल्या, अशी दंतकथा तुमच्याकडे आजही ऐकायला मिळेल.

देशभर हाहाकार माजला हे मात्र दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांनी बरंच फुगवलेलं होतं. रेडिओमुळे त्यांच्या जाहिराती जात होत्या, तेव्हा रेडिओ किती बेजबाबदार हे दाखवायला आयतीच संधी मिळाली. प्रत्यक्षात त्या तासाला श्रोत्यांची मोठी गर्दी दुसऱ्याच स्टेशनवर होती. तिथे एडगर बर्गन हा शब्दभ्रमकार आपल्या चार्ली मॅकार्थी नावाच्या बाहुल्याला बोलतं करत होता. रेडिओवर शब्दभ्रम! ओठ हलतात की नाही हे बघायची सोयच नाही, तरी लोक खूश. आपल्या अर्धवटरावांना हे कळलं असतं तर त्यांनी त्यावर दोन टोमणे नक्की मारले असते.

ते नाटक आजही ऐकायला मिळतं, तासाभराचं आहे. तुम्ही करायचं ते एवढंच: 30 तारखेला संध्याकाळी मुलीला घेऊन ग्रोव्हर्स मिलला जायचं, गाडी तळ्याजवळ लावायची, काचा वर, दिवे बंद, आणि ते लावायचं. ज्या गावात गोष्ट घडते त्याच गावात बसून, त्याच तारखेला. हे भाग्य तुमच्या ऑफिसातल्या तळघरवाल्यांनाही लाभलेलं नाही. मुलगी घाबरली तर शेवट आधी सांगून टाका. शेवटी स्वतः ऑर्सन वेल्सच येऊन सांगतो की ही आमची हॅलोविनची गंमत होती, चादर पांघरून झुडपाआडून ‘भो’ करावं तशी. सांगितल्याने मजा कमी होत नाही. नऊ वर्षांच्या मुलांना शेवट माहीत असलेली भीतीच जास्त आवडते.

तिच्या भीतीबद्दल इतकंच. ती घाबरते आणि तरी मागते, यात काही बिघडलेलं नाही. तिला हवं तिथे थांबवायची मुभा हवी, म्हणजे रिमोट तिच्या हातात. आणि फार घाबरली तर टीव्ही बंद करू नका, आवाज बंद करा. कार्पेंटरनेच सांगितलंय की त्याने ‘हॅलोविन’ संगीत घालायच्या आधी स्टुडिओतल्या एका अधिकारी बाईंना दाखवला, तर त्यांना अजिबात भीती वाटली नाही. मग त्याने स्वतः पियानोची ती धून केली. चित्र तेच आणि आवाज नाही, की भूत एकदम गणपतीच्या देखाव्यातलं वाटायला लागतं. मुलीला ही युक्ती एकदा कळली की ती स्वतःच वापरेल. (तो सिनेमा मात्र तिला दाखवू नका. तो तुम्ही, ती झोपल्यावर, पानं बघायला म्हणून बघा.)

तिच्यासाठी टीव्हीवरचा चार्ली ब्राऊनचा भोपळ्याचा कार्टून कार्यक्रम. 27 ऑक्टोबर 1966 ला पहिल्यांदा लागला, जेमतेम पंचवीस मिनिटांचा. लायनस नावाचा पोरगा भोपळ्याच्या शेतात रात्रभर महाभोपळ्याची वाट बघत बसतो, बाकी सगळे हसतात, आणि महाभोपळा काही येत नाही. चार्ली ब्राऊनला घरोघरी चॉकलेटांऐवजी दगड मिळतात. इतका उदास मुलांचा कार्यक्रम आज कुणी करू धजेल असं मला वाटत नाही. अनेक वर्षं तो वर्षातून एकदाच लागायचा, चुकला तर पुढच्या वर्षीपर्यंत थांबा. आता तो फोनवर कधीही बघता येतो, आणि तिथेच तुम्हाला थोडं कडक व्हावं लागेल. एकच रात्र ठरवा. त्याच रात्री, त्याच सोफ्यावर, त्याच खाण्याबरोबर तो बघायचा, आणि नोव्हेंबरात तिने मागितला तरी लावायचा नाही. महिनाभर रोज एक भुताचा सिनेमा असला उपक्रम कृपा करून करू नका. दहाव्या दिवशी तो गृहपाठ होतो. दोन गोष्टी निवडा आणि दरवर्षी त्याच करा. आणखी दहा वर्षांनी मुलगी कॉलेजात कुणाला तरी सांगेल की आई आम्हाला अंधारात गाडीत बसवून रेडिओ ऐकवायची. तिचा नवरा तेव्हा काय म्हणायचं ते म्हणो.

एखादी सहल करायची असेल तर हडसनच्या काठी स्लीपी हॉलो गाठा. बिनडोक्याच्या घोडेस्वाराची वॉशिंग्टन अर्विंगची कथा 1820 ची, त्या परिसरातली. शेजारच्या नॉर्थ टॅरीटाऊनने 1996 साली मतदान घेऊन गावाचं नावच स्लीपी हॉलो करून टाकलं. गोष्टीला गावाचं नाव मिळालेलं आपण नेहमी बघतो, गावाने गोष्टीचं नाव घेतलेलं क्वचित. शनिवार-रविवार टाळा, गाडी लावायला जागा मिळत नाही. मॅसॅच्युसेट्समधलं सेलम लोक सुचवतील. माझं मत विचाराल तर तिथे चेटकिणीची टोपी घालून फोटो काढणं मला खटकतं. 1692 मध्ये तिथे चेटकाच्या खोट्या आरोपांवरून 19 जणांना फासावर चढवलं आणि एका म्हाताऱ्याला दगडांखाली चिरडून मारलं. त्या निरपराधांचं स्मारक तिथे आहे, ते बघायला जरूर जा, मुलगी थोडी मोठी झाल्यावर.

आणि तो बारा फुटी सांगाडा घ्यायचा मोह होईल. 2020 पासून होम डेपोत मिळतो, दोन मजली घराच्या खिडकीत डोकावेल असा. उरलेले अकरा महिने तो ठेवणार कुठे, एवढाच विचार दुकानात उभं असताना करा.

आता सासूबाई. एक गोष्ट अजिबात करू नका, हॅलोविन म्हणजे अमेरिकेतला पितृपक्षच असं त्यांना पटवायला जाऊ नका. हे व्हॉट्सॲपवर दरवर्षी फिरतं आणि कुणालाच पटत नाही. पितृपक्षात आपल्याच गेलेल्या माणसांची तिथी असते, त्यांच्या आवडीचं पान वाढलेलं असतं, कावळ्याची वाट बघितलेली असते. तुमच्या गल्लीत 31 ला फिरणाऱ्या स्पायडरमॅनांचा त्याच्याशी संबंध नाही, हे त्यांना तुमच्यापेक्षा चांगलं कळतं. आपल्या सणातही भयानक गोष्टी आहेत, नरकचतुर्दशीला पायाखाली कारीट फोडतात, गोव्यात तर पोरं महाकाय नरकासुर बांधून पहाटे जाळतात, हे सगळं खरं. पण वाद जिंकायला ते वापरू नका. नरकासुर जाळायचा असतो, तुमचा सांगाडा शोभेला उभा असतो, हा फरक त्या लगेच दाखवतील आणि त्यांचं बरोबर असेल.

त्यापेक्षा जागेची वाटणी करा. उंबरा सासूबाईंचा, अंगण मुलीचं. दाराशी रांगोळी, तोरण, आकाशकंदील. सांगाडा, कोळ्याची जाळी, थडगी, सगळं पलीकडे मेपलखाली. 2024 साली नरकचतुर्दशी नेमकी 31 ऑक्टोबरला आली होती, पहाटे उटणं आणि संध्याकाळी चॉकलेटं. ज्यांनी ही वाटणी केली असेल त्यांचा तो दिवस सुखात गेला असेल, असा माझा अंदाज. पहिल्या नोव्हेंबरला सांगाडा गॅरेजमध्ये, हे मुलीकडून आधीच कबूल करून घ्या.

भोपळे मात्र दोन जातींचे आणा. कोरायचा मोठा भोपळा पाणचट आणि दोऱ्यादोऱ्यांचा असतो, त्याचं खाण्यालायक काही होत नाही. त्याच्या शेजारीच छोटे, गोल, ‘पाय पम्पकिन’ किंवा ‘शुगर पम्पकिन’ म्हणून विकतात, ते सासूबाईंच्या हातात द्या. गर घट्ट आणि गोड असतो. किसून गुळात शिजवला, कणीक आणि थोडं तांदळाचं पीठ घालून मळलं, जायफळ किसून टाकलं की घारगे उत्तम होतात. सुंठ, लवंग, जायफळ, दालचिनी हाच तर इथल्या दुकानात ‘पम्पकिन स्पाइस’ म्हणून मिळणारा मसाला. त्याचा वास आला की सासूबाई स्वतःहून काहीतरी बोलतील, तुम्ही गप्प राहा. मोठा भोपळा 29 तारखेच्या आधी कोरू नका. त्याला आतून बुरशी येते, तोंड आत वळतं आणि खारी तोंड मारतात ते वेगळंच. बिया फेकू नका, मीठ-तिखट लावून भाजा.

31 च्या संध्याकाळी चॉकलेटांचं पातेलं आणि दाराजवळची खुर्ची सासूबाईंना द्या. छोट्या पोरांना खाऊ वाटायला कुठल्या आजीला आवडत नाही? फक्त एक गोष्ट आधीच समजावून सांगा, नाहीतर त्या दुखावतील. इथे अनोळखी घरचं उघडं खाणं आईबाप मुलांना खाऊ देत नाहीत. सासूबाई हौसेने ताटात चकल्या घेऊन उभ्या राहतील, पोरं ‘थँक यू’ म्हणून पिशवीत टाकतील आणि त्या घरी गेल्यावर कचऱ्यात जातील. ही भीती तशी पोकळच आहे. जोएल बेस्ट नावाच्या समाजशास्त्रज्ञाने 1958 पासूनच्या बातम्या तपासल्या, अनोळखी माणसाने वाटलेल्या विषारी खाऊने मूल दगावल्याचं एकही सिद्ध उदाहरण त्यांना सापडलं नाही. टेक्सासमधली 1974 ची जी घटना सगळे सांगतात, तिथे सायनाइड घालणारा मुलाचा बापच निघाला. पण रीत रीत आहे. बंद वेष्टनातलंच वाटायचं. चकल्या आणि घारगे ओळखीच्या शेजाऱ्यांकडे, डब्यातून. तुमच्या मुलीच्या बाबतीत काळजी करायचीच तर गाड्यांची करा. काळा पोशाख असेल तर हातात टॉर्च द्या, आणि चेहरा झाकणाऱ्या मुखवट्याऐवजी रंग लावा, म्हणजे रस्ता ओलांडताना दिसेल.

राहता राहिलं सासूबाईंना सांगायचं काम. सांगाडा आहे, मेपलखाली आहे, 1 तारखेला जाणार आहे, एवढं त्यांना कोल्हापूर सोडायच्या आधीच कळलं पाहिजे, नेवार्कहून गाडीतून दारात उतरल्यावर नाही. आणि हा फोन तुम्ही करायचा नाही. तो नवऱ्याने करायचा. आई त्याची आहे, आणि कराडच्या आठवणींवरून इतकी वर्षं जे चिडवलंय त्याची तेवढी भरपाई तर व्हायलाच हवी.